भूक आणि होकार : व्हॅम्पायरपटांची शंभर वर्षं

फ्रीडरिश मुर्नाऊचा ‘नोस्फेराटू’ हा मूकपट ४ मार्च १९२२ रोजी बर्लिनमध्ये दाखवला गेला. त्याच गोष्टीवरचा रॉबर्ट एगर्सचा चित्रपट २०२४ च्या नाताळात अमेरिकेत झळकला आणि पुढच्या चार महिन्यांत रायन कूगलरचा ‘सिनर्स’ आला. मधल्या शंभर वर्षांत भयपटांच्या कितीतरी लाटा आल्या आणि ओसरल्या. ममी आल्या, पौर्णिमेला लांडगा होणारी माणसं आली, अणुस्फोटाने जागे झालेले महाकाय प्राणी आले. त्यांचे चित्रपट अजूनही निघतात. पण दर पिढीतल्या उत्तम दिग्दर्शकांना हटकून खुणावणारा व्हॅम्पायर एकटाच. ड्रायर, हेर्झोग, कोपोला, कॅथरीन बिगेलो, जिम जार्मुश, पार्क चान-वूक ही एरवी एका यादीत सहसा न बसणारी नावं या विषयाने एका ओळीत आणली आहेत.

हे आकर्षण इतकं चिवट का, याची काही उत्तरं नेहमी दिली जातात. अमरत्वाचा मोह, मृत्यूची भीती, आडवाटेने व्यक्त होणारी कामवासना. ती खोटी नाहीत. मात्र चांगला व्हॅम्पायरपट कोणता आणि सुमार कोणता, हे ती सांगू शकत नाहीत. अमरत्व आणि वासना तर सुमार चित्रपटांतही भरपूर असतात.

माझ्या मते या आकर्षणाचं मूळ दोन गोष्टींच्या गाठीत आहे. पहिली गोष्ट भूक. व्हॅम्पायर जगतो तो दुसऱ्याचं आयुष्य पिऊन आणि हे त्याला ठाऊक असतं. तो कधीकाळी माणूस होता, त्याला भाषा आहे, आठवणी आहेत, कधी कधी लाजही आहे. दुसरी गोष्ट होकार. जुन्या नियमाप्रमाणे घरातल्या कुणीतरी ‘ये’ म्हटल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. भूत मानगुटीवर बसतं, राक्षस दार फोडतो. व्हॅम्पायर दाराबाहेर उभा राहून विचारतो. म्हणून त्याच्या गोष्टीत बळी कधीच पुरता अलिप्त नसतो. स्वतःच्या जगण्यासाठी दुसऱ्याचं किती घ्यायचं आणि आपल्याला संपवणाऱ्याला आपणच आत का घेतो, हे दोन्ही प्रश्न एकाच पात्रात वागवणारी दुसरी कल्पना भयकथेला सापडलेली नाही. हाच निकष हाती धरून या शंभर वर्षांकडे पाहू.

प्रेतापासून सरदारापर्यंत

व्हॅम्पायरचा जन्म राजवाड्यात झाला नाही. १७२५ साली ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या सर्बियातल्या किसिल्येवो गावात पेटर ब्लागोयेविच नावाचा शेतकरी वारला. त्यानंतर काही दिवसांत गावात एकामागून एक माणसं दगावली. गावकऱ्यांनी त्याचं थडगं उकरलं, प्रेताच्या तोंडाशी रक्त पाहिलं आणि छातीत खुंटा ठोकून प्रेत जाळलं. ऑस्ट्रियन अधिकाऱ्याचा याबद्दलचा अहवाल व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात छापून आला. काही वर्षांनी मेदवेजा गावातल्या अशाच प्रकरणाची चौकशी लष्करी शल्यचिकित्सकांनी केली आणि त्यांचा १७३२ चा अहवाल युरोपभर वाचला गेला. कुजताना प्रेत फुगतं, तोंडातून लालसर द्रव येतो, कातडी आक्रसल्याने नखं वाढल्यासारखी दिसतात, हे तेव्हा सामान्य माणसाला माहीत नव्हतं. अखेर सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने आपले वैद्य गेरार्ड फान स्वीटन यांच्याकडून १७५५ मध्ये या समजुतीचा छडा लावून घेतला आणि थडगी उकरायला बंदी घातली.

कायद्याने हाकललेल्या या प्रेताला साहित्याने आसरा दिला. १८१५ च्या तांबोरा ज्वालामुखीच्या राखेने १८१६ चा युरोपचा उन्हाळा काळवंडला होता. त्या पावसाळी उन्हाळ्यात जिनिव्हाजवळच्या बंगल्यात बायरन, शेली, त्याची भावी पत्नी मेरी आणि बायरनचा डॉक्टर जॉन पोलिडोरी यांनी भुताच्या गोष्टी लिहायचं ठरवलं. त्यातून मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ निघाली आणि पोलिडोरीची ‘द व्हॅम्पायर’ही. १८१९ मध्ये छापलेल्या या कथेने खेडुताच्या सुजलेल्या प्रेताचा उमदा, थंड नजरेचा लॉर्ड करून टाकला. १८७२ मध्ये शेरिडन ल फानूने ‘कार्मिला’ लिहून त्याला स्त्रीरूप दिलं. १८९७ मध्ये लंडनच्या लायसियम नाट्यगृहाचा व्यवस्थापक असलेल्या ब्रॅम स्टोकरने ‘ड्रॅक्युला’त सगळे धागे एकत्र बांधले. आरशात प्रतिबिंब न पडणं, लसूण आणि क्रूसाची भीती, बोलावल्याशिवाय घरात न शिरणं हे नियम आपल्याला एकत्र पाठ झाले ते मुख्यतः या कादंबरीमुळे. पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून चित्रपट दाखवल्याला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. ड्रॅक्युला आणि सिनेमा हे दोघे एका पिढीचे आहेत आणि एकमेकांना लवकरच सापडले.

मुर्नाऊची खिडकी

‘नोस्फेराटू’च्या निर्मात्यांनी कादंबरीचे हक्क घेतले नव्हते. नावं बदलली, काउंट ड्रॅक्युलाचा काउंट ओर्लोक झाला, लंडनच्या जागी विस्बोर्ग हे काल्पनिक जर्मन शहर आलं. स्टोकरच्या पत्नी फ्लॉरेन्स यांनी दावा लावला आणि १९२५ मध्ये जर्मन न्यायालयाने चित्रपटाच्या सगळ्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. देशाबाहेर गेलेल्या प्रतींमुळेच तो वाचला.

माक्स श्रेकचा ओर्लोक देखणा नाही. टक्कल, उंदरासारखे पुढचे दात, लांब बोटं. पोलिडोरीने उमदा केलेला व्हॅम्पायर मुर्नाऊने पुन्हा सर्बियातल्या प्रेताकडे नेला. तो जहाजातून येतो तेव्हा सोबत उंदीर आणि प्लेग आणतो. पहिलं महायुद्ध आणि इन्फ्लुएंझाची साथ नुकतीच सोसलेल्या प्रेक्षकांना रस्त्यातून एकामागून एक निघणाऱ्या शवपेट्या काय सांगत असतील, हे वेगळं सांगायला नको. मुर्नाऊने बरंचसं चित्रण स्टुडिओबाहेर केलं. स्लोव्हाकियातला ओरावा किल्ला, विस्मार आणि ल्युबेक ही खरी जुनी शहरं. खऱ्या उन्हातल्या खऱ्या भिंतींवर पडलेली अमानवी सावली रंगवलेल्या पडद्यापेक्षा कितीतरी जास्त हादरवते.

सूर्यप्रकाशाने व्हॅम्पायर मरतो, हा आज सर्वांत प्रसिद्ध असलेला नियम स्टोकरचा नाही. कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाही हिंडतो, फक्त त्याची ताकद कमी होते. उन्हाने नाहीसा होणारा व्हॅम्पायर याच चित्रपटातून रूढ झाला. पण त्याहून मोठी भर म्हणजे नायिका एलेनची खिडकी. निष्कलंक स्त्रीने आपखुशीने रक्त देऊन त्याला कोंबडा आरवेपर्यंत थोपवून धरलं, तरच शहर वाचेल, असं तिने वाचलेलं असतं. ती खिडकी उघडते. तिच्या त्या होकारात भीती, त्याग आणि ओढ यांतलं किती काय आहे, हे चित्रपट सांगत नाही. पुढच्या शंभर वर्षांतले बहुतेक उत्तम व्हॅम्पायरपट याच खिडकीपाशी येऊन थांबतात.

मखमल आणि पीठ

१९३१ मध्ये युनिव्हर्सल कंपनीने टॉड ब्राउनिंगच्या दिग्दर्शनाखाली ‘ड्रॅक्युला’ बोलका केला. मूळचा हंगेरियन असलेला बेला लुगोसी १९२७ पासून रंगभूमीवर ही भूमिका करत होता. आज जगातलं कुठलंही मूल ड्रॅक्युला म्हणून जे चित्र काढतं – काळा झगा, उभी कॉलर, पाहुण्यासारखं अदबशीर बोलणं – ते रंगभूमीवरून लुगोसीमार्फत पडद्यावर आलं. गंमत म्हणजे या चित्रपटात सुळे दिसत नाहीत आणि पार्श्वसंगीतही जवळजवळ नाही. पहिली काही मिनिटं, कार्ल फ्रॉइंडच्या कॅमेऱ्यातला तो पडका किल्ला, अजून प्रभावी आहे. पुढे मात्र दिवाणखान्यातली संभाषणं सुरू होतात आणि चित्रपट नाटकासारखा एका जागी बसतो. त्याच सेटवर रात्रपाळीत स्पॅनिश बोलणाऱ्या नटांना घेऊन चित्रित केलेली दुसरी आवृत्ती कॅमेऱ्याच्या हालचालीत सरस आहे. तिच्यात नाही तो फक्त लुगोसी. इतिहासात १९३१ चा ‘ड्रॅक्युला’ अटळ आहे. उत्कृष्टांच्या यादीत मी त्याला घेणार नाही.

त्या यादीत जातो तो पुढच्याच वर्षीचा कार्ल थिओडोर ड्रायरचा ‘व्हॅम्पिर’. ल फानूच्या कथांवर सैलसर आधारलेला हा चित्रपट फ्रान्समधल्या एका खेड्यात खऱ्या जागांमध्ये चित्रित झाला. पैसा पुरवणाऱ्या हौशी सरदारपुत्रानेच टोपणनावाने नायकाचं काम केलं. इथे सावल्या आपल्या मालकांपासून सुटून भिंतींवर नाचतात. नायक स्वतःचंच प्रेत पेटीत पडलेलं पाहतो आणि पुढच्या क्षणी त्या पेटीच्या काचेतून, मेलेल्याच्या डोळ्यांनी, आपण आभाळ आणि झाडं सरकताना पाहतो. खलनायक डॉक्टर गिरणीत कोंडला जाऊन वरून पडणाऱ्या पांढऱ्या पिठाखाली गुदमरतो. भयाचा रंग काळा असतो, हा समज मोडणारं हे दृश्य आहे. बर्लिनच्या प्रेक्षकांनी चित्रपटाची हुर्यो उडवली आणि ड्रायरला पुढचा कथापट करायला १९४३ उजाडलं. आज तो पाहताना कळतं, की व्हॅम्पायरची गोष्ट कथानकाशिवाय, निव्वळ धुकट प्रकाशावरही उभी राहू शकते.

रंगीत रक्त, लंडनपासून लाहोरपर्यंत

१९५८ मध्ये ब्रिटनच्या हॅमर कंपनीने टेरेन्स फिशरचा ‘ड्रॅक्युला’ आणला आणि रक्त लाल झालं. क्रिस्टोफर ली उंच, चपळ, देखणा होता. सुरुवातीच्या काही मिनिटांत तो नीट बोलतो, नंतर जवळजवळ एक शब्दही नाही; उरतात सुळे आणि रक्ताळलेले डोळे. पीटर कुशिंगने रंगवलेला व्हॅम्पायरांचा शिकारी व्हॅन हेल्सिंग त्याच्या तोडीस तोड आहे. शेवटी तो पडदे ओरबाडून काढतो आणि दोन मेणबत्तीदानांचा क्रूस करतो, ते अजूनही श्वास रोखून पाहावं लागतं.

पण हॅमरचं खरं धाडस वेगळं होतं. आजारी ल्यूसी रात्री गळ्यातला क्रूस काढते, बागेकडचं दार उघडते आणि अंथरुणावर पडून वाट पाहते. पुढे प्रतिष्ठित घरातली मीना ड्रॅक्युलाची पेटी आपल्याच तळघरात लपवते, नवऱ्याला ठाव लागू देत नाही. सभ्य घराला बाहेरच्या शत्रूपेक्षा आतल्या अतृप्तीचा धोका अधिक आहे, हे फिशरने कुठलंही भाषण न करता दाखवलं. हॅमरने पुढे ही मालिका ताणली आणि ती पातळ झाली. पहिल्या चित्रपटाची धार मात्र कमी झालेली नाही.

या चित्रपटाचा पडसाद आपल्या उपखंडातही उमटला. १९६७ मध्ये लाहोरमध्ये ख्वाजा सरफराज यांनी ‘जिंदा लाश’ काढला. त्यातला रेहानने रंगवलेला प्राध्यापक अमरत्वाचं औषध शोधता शोधता स्वतः मरतो आणि रक्तपिपासू होऊन उठतो. हॅमरच्या प्रसंगांची सरळ उसनवारी, मधूनच गाणी आणि नाच, तरीही कृष्णधवल चित्रणात खरी झपाटलेली लय. क्रूसाच्या जगाबाहेरही ही गोष्ट तग धरू शकते, याचा हा सुरुवातीचा आणि भरभक्कम पुरावा.

झगा उतरवला तेव्हा

सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या काही दिग्दर्शकांनी व्हॅम्पायरला किल्ल्यातून बाहेर काढलं. बिल गन या कृष्णवर्णीय नाटककार-दिग्दर्शकाने १९७३ मध्ये ‘गांजा अँड हेस’ केला. श्रीमंत मानववंशशास्त्रज्ञ हेसला रक्ताचं व्यसन जडतं आणि त्यातून वर्ग, धर्म आणि वंश यांची उलटतपासणी सुरू होते. कान महोत्सवाच्या समीक्षक विभागात त्याचं कौतुक झालं. अमेरिकेतल्या वितरकांनी मात्र तो कापून, नाव बदलून विकला. मूळ रूप टिकलं ते न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात जपलेल्या प्रतीमुळे.

जॉर्ज रोमेरोचा ‘मार्टिन’ याच दशकाच्या उत्तरार्धातला. पेन्सिल्व्हेनियातलं ब्रॅडक हे पोलाद कारखान्यांचं गाव तेव्हा ओस पडत चाललं होतं. तिथे एक बुजरा तरुण राहायला येतो. त्याला सुळे नाहीत, जादू नाही. तो इंजेक्शनने बाईला गुंगी देतो आणि ब्लेडने तिचं मनगट कापतो. त्याचा म्हातारा नातलग त्याला घराण्याचा शाप समजतो, दारावर लसूण आणि क्रूस लावतो. मार्टिन लसूण चावून दाखवतो. तो खरंच व्हॅम्पायर आहे की घरच्यांनी लहानपणापासून तसं सांगितल्याने तसा झालेला आजारी मुलगा आहे, हे रोमेरो शेवटपर्यंत उलगडत नाही. इथे गुंगीतल्या बळींना होकार विचारलाच जात नाही आणि तीच गोष्ट असह्य होते. झगा, किल्ला, धुकं सगळं उतरवल्यावर उरतो तो एका माणसाने दुसऱ्या माणसाच्या शरीराचा केलेला वापर. व्हॅम्पायरकथेच्या मोहकतेची इतकी कठोर झडती दुसऱ्या कुठल्या चित्रपटाने घेतलेली नाही.

व्हेर्नर हेर्झोगने १९७९ मध्ये ‘नोस्फेराटू’ पुन्हा केला तो मुर्नाऊला वंदन म्हणून. क्लाउस किन्स्कीचा ड्रॅक्युला मरू न शकण्याने थकलेला आहे. प्रेम न मिळणं हे त्याच्या लेखी मरणाहून वाईट. प्लेगने वेढलेल्या चौकात, उंदरांच्या घोळक्यात, सणाचे कपडे घालून शेवटचं जेवण जेवणारी माणसं हे त्यातलं दृश्य मनातून जात नाही. इथे इसाबेल अजानीने रंगवलेली नायिका स्वतःला देते, तरी अरिष्ट टळत नाही. तिचा नवराच नवा व्हॅम्पायर होऊन घोड्यावरून निघून जातो. त्याग वाया जाऊ शकतो, ही मुर्नाऊच्या गोष्टीला हेर्झोगने घातलेली कडवट भर.

रक्ताची भीती, अपत्यशोक

ऐंशीच्या दशकात एड्सने रक्त या शब्दाचा अर्थच बदलला. कॅथरीन बिगेलोचा ‘निअर डार्क’ १९८७ चा. त्यात व्हॅम्पायर हा शब्द एकदाही येत नाही. खिडक्यांना काळे कागद लावलेल्या गाड्यांतून हिंडणारी ही टोळी म्हणजे एक विद्रूप कुटुंब आहे. त्यात सापडलेल्या शेतकरी तरुणाला मारणं जमत नाही, म्हणून प्रेयसी आपल्या मनगटातलं रक्त त्याला पाजते. आपल्या वाटचं पाप दुसऱ्याकडून करवून घेण्याचं हे चित्र फार अस्वस्थ करतं.

कोपोलाचा १९९२ चा ‘ब्रॅम स्टोकर्स ड्रॅक्युला’ ही दृश्यांची मेजवानी आहे. संगणक बाजूला ठेवून, एकाच फिल्मवर दोनदा चित्रण, उलटी फिरवलेली दृश्यं, छोट्या प्रतिकृती अशा मूकपटांच्या काळातल्या युक्त्यांवर तो उभा केला. एको इशिओका यांच्या वेशभूषेसह तीन ऑस्कर त्याला मिळाले. प्रेमकथेचा साज चढवताना व्हॅम्पायरची भूक मागे पडते, हा त्याचा दोष. पण नजर खिळवण्यात त्याला तोड नाही.

नील जॉर्डनचा ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’ १९९४ चा. त्याचा आत्मा टॉम क्रूझ किंवा ब्रॅड पिट यांच्यात नसून कर्स्टन डन्स्टने रंगवलेल्या क्लॉडियात आहे. मूळ कादंबरीकार अॅन राइस यांची लहानगी मुलगी १९७२ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेली; कादंबरी त्यानंतरची. कायम लहानच राहणाऱ्या, आतून मात्र बाई झालेल्या क्लॉडियाचा आक्रोश ऐकताना कळतं, की अमरत्व कुणी आपल्यावर न विचारता लादलं, तर तो अत्याचार असतो. होकाराचा प्रश्न इथे बळीकडून नव्या व्हॅम्पायरकडे सरकतो.

२००८ : एकाच वर्षातल्या दोन वाटा

२००८ मध्ये दोन चित्रपट आले. ‘ट्वायलाइट’ने जगभरच्या किशोरवयीन मुलींना वेड लावलं. तरुण मुलीची ओढ कथेच्या मध्यभागी ठेवणं ही त्याची जमेची बाजू आहे आणि त्याच्या चाहत्यांची चेष्टा मला कधीच पटली नाही. पण त्यातलं व्हॅम्पायर कुटुंब जनावरांच्या रक्तावर भागवतं आणि उन्हात जळण्याऐवजी चमकतं. भूक आहे, पण ती आवरल्याने कुणाचं काही जात नाही आणि भागवल्याने नायकाला काही मोजावं लागत नाही. किंमत काढून टाकली, की उरते ती परीकथा.

दुसरा चित्रपट तोमास आल्फ्रेडसनचा स्वीडिश ‘लेट द राइट वन इन’. स्टॉकहोमच्या ब्लाकेबेर्ग उपनगरात, ऐंशीच्या दशकाच्या आरंभी, बर्फाने गोठलेल्या वसाहतीत बारा वर्षांचा ऑस्कर राहतो. शाळेत त्याला मारहाण होते. शेजारी एली राहायला येते, तीही बारा वर्षांची दिसणारी. तिच्यासाठी एक थकलेला माणूस रात्री जंगलात जाऊन माणसं मारतो आणि डब्यात रक्त भरून आणतो.

बोलावल्याशिवाय आलीस तर काय होतं, असं ऑस्कर चिडवून विचारतो. एली एक शब्द न बोलता आत पाऊल टाकते. ती उभी राहते आणि तिच्या डोळ्यांतून, कानांतून, डोक्यातून रक्त झिरपू लागतं. ऑस्कर घाबरून तिला मिठी मारतो, तिला आत ये म्हणतो. शंभर वर्षं पाळला गेलेला नियम मोडला तर काय होईल, हे इतकं साध्या पद्धतीने क्वचितच कुणी दाखवलं असेल आणि तेही भीतीऐवजी मायेने. पोहण्याच्या तलावातला शेवट पाहताना आपण एलीच्या बाजूने असतो, तिच्या हातून जे घडतं त्याने सुखावतो. मग आगगाडीत ऑस्कर आणि पेटीतली एली निघून जातात आणि तो थकलेला माणूस आठवतो. तोही कधी असाच कुणी मुलगा असेल का? चित्रपट याचं उत्तर देत नाही. पण ऑस्करने ‘ये’ म्हटलं तेव्हा कशाला होकार दिला, हे आपल्याला घरी गेल्यावरही छळत राहतं.

पुढच्या वर्षी कोरियातून पार्क चान-वूकचा ‘थर्स्ट’ आला आणि कानमध्ये त्याने ज्युरी पारितोषिक वाटून घेतलं. सोंग कांग-होने रंगवलेला कॅथलिक पाद्री लोकांच्या भल्यासाठी लशीच्या प्रयोगाला शरीर देतो, रक्त चढवताना व्हॅम्पायर होतो आणि शुद्ध हरपलेल्या रुग्णांचं रक्त हळूच पिऊन आपण कुणाला मारत नाही, अशी मनाची समजूत घालतो. एमिल झोलाच्या ‘थेरेझ राकँ’ या कादंबरीचा धागा घेऊन पार्कने या समजुतीच्या चिंध्या केल्या आहेत. समुद्रकाठच्या कड्यावर उजाडण्याची वाट पाहणारा त्याचा शेवट म्हणजे भुकेचा हिशेब शेवटच्या पैपर्यंत चुकता करणं.

जार्मुशच्या ‘ओन्ली लव्हर्स लेफ्ट अलाइव्ह’मधले (२०१३) सुसंस्कृत व्हॅम्पायर दवाखान्यातून रक्त विकत घेतात, कारण माणसांचं रक्त दूषित झालं आहे. पण साठा संपल्यावर अखेर तेही सुळे काढतात. अॅना लिली अमिरपूर यांच्या ‘अ गर्ल वॉक्स होम अलोन अॅट नाइट’मध्ये (२०१४) चादोर पांघरलेली मुलगी रात्री स्केटबोर्डवरून फिरते आणि बायकांना छळणाऱ्या पुरुषांचा समाचार घेते. हा कृष्णधवल फारसी चित्रपट कॅलिफोर्नियात चित्रित झाला. भीती कुणी कुणाला बाळगायची, हा सवाल तो रात्रीच्या रस्त्यावर आणून ठेवतो.

आपल्याकडे

भारतीय चित्रपटात व्हॅम्पायर बराच काळ पाहुणाच राहिला. इथल्या बहुसंख्यांच्या रीतीत देह जळतो, त्यामुळे कबरीतून उठणाऱ्या प्रेताला जागा कमी. शिवाय वेताळ आणि यक्षी इथे आधीपासून आहेत. गोव्या-कोकणात तर वेताळ हा गावाची राखण करणारा देव आहे. मुंबईच्या रॅमसे बंधूंनी १९९० मध्ये ‘बंद दरवाजा’तून नेवला नावाचा वटवाघळासारखा रक्तपिपासू आणला. त्याची निर्मिती भडक असली, तरी गाभ्याशी मूल व्हावं म्हणून सैतानाशी करार करणारी ठाकुरीण आहे. मूल नसलेल्या बाईला घराणं किती टोकाला ढकलतं, हे कळून असो वा नकळत असो, तिथे आलं आहे.

मराठीत हे भय पुस्तकातून रुजलं. नारायण धारपांनी ‘लुचाई’त स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’चा आधार घेतला. पडद्यावर मात्र २०२५ हे वर्ष वेगळं ठरलं. मल्याळममध्ये डॉमिनिक अरुण यांच्या ‘लोका’ने केरळच्या लोककथेतल्या नीली या यक्षीला आजच्या बंगळुरात आणलं आणि अफाट यश मिळवलं. दिवाळीत मराठी दिग्दर्शक आदित्य सरपोतदार यांनी हिंदीत ‘थामा’तून बेतालांची जमात उभी केली. दोन्हींनी परक्या झग्याऐवजी घरचं दैवत निवडलं, ही योग्य दिशा आहे. दोन्हींचा कल भयापेक्षा पराक्रमाकडे आहे. भुकेची किंमत मोजायला लावणारा भारतीय व्हॅम्पायरपट अजून यायचा आहे आणि वेताळाच्या या मुलखातून तो यावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

दाराशी आलेली गाणी

एगर्सच्या ‘नोस्फेराटू’ने मुर्नाऊची खिडकी मागे नेली. त्याच्या एलेनने लहानपणीच्या एकटेपणात कुणीतरी यावं म्हणून प्रार्थना केलेली असते आणि ती ओर्लोकने ऐकलेली असते. म्हणजे होकार गोष्ट सुरू होण्याआधीच दिला गेला. पण एकाकी मुलीच्या हाकेला होकार म्हणायचं का, हा प्रश्न एगर्स धीटपणे विचारतो.

‘सिनर्स’ घडतो १९३२ च्या मिसिसिपीत. जुळे भाऊ जुन्या लाकूडगिरणीत कृष्णवर्णीयांसाठी नाचगाण्याचा अड्डा उघडतात. कापसाच्या मळ्यात राबणाऱ्यांची ही एक रात्रीची मोकळीक. तरुण सॅमीच्या ब्लूजने इतिहासातले आणि भविष्यातले वादक एकाच जागी नाचू लागतात आणि ते सूर ऐकून आयरिश व्हॅम्पायर रेमिक दाराशी येतो. तो आत घ्या म्हणून विनवतो. त्याचीही भूमी, भाषा एकदा हिरावली गेली आहे. सॅमीच्या संगीतातून त्याला आपली हरवलेली माणसं परत हवी आहेत. तो बरोबरी देऊ करतो, बदल्यात प्रत्येकाचं वेगळेपण मागतो. दुसऱ्या समाजाची कला प्रेमाने गिळून टाकणाऱ्यांचं इतकं समजूतदार आणि इतकं भयानक चित्र मी पाहिलेलं नाही. आणि दार उघडतं ते मोहाने नव्हे. लेकीच्या काळजीने व्याकूळ झालेली आईच त्यांना आत बोलावते. होकाराच्या या शंभर वर्षांतला हा सगळ्यात माणुसकीचा आणि सगळ्यात महागात पडलेला होकार.

निवड

कुठले पाहावेत, असं विचारलं तर मी सात नावं सांगेन आणि पाहण्याचा क्रम काळाचाच ठेवायला सांगेन : मुर्नाऊचा ‘नोस्फेराटू’, ड्रायरचा ‘व्हॅम्पिर’, फिशरचा ‘ड्रॅक्युला’, रोमेरोचा ‘मार्टिन’, आल्फ्रेडसनचा ‘लेट द राइट वन इन’, पार्कचा ‘थर्स्ट’ आणि कूगलरचा ‘सिनर्स’. दृश्यसुखासाठी कोपोला आणि उदास संध्याकाळसाठी हेर्झोग जोडीला घ्यावेत. यातला सर्वश्रेष्ठ एकच निवडायचा, तर ‘लेट द राइट वन इन’. भूक आणि होकार हे दोन्ही त्यात बारा वर्षांच्या मुलाच्या मायेत इतके मिसळले आहेत, की कुठे माया संपते आणि कुठे भक्षण सुरू होतं, हे दाखवणारी रेघ ओढता येत नाही.

या सातही चित्रपटांत एक गोष्ट समान आहे. ते व्हॅम्पायरला कुठल्या परक्या योनीतला मानत नाहीत. आपण जे खातो, नेसतो, वापरतो, त्यात कुणाचा तरी घाम आणि कधी कधी रक्त असतं. आपण ज्यांच्यावर प्रेम करतो, त्यांच्या आयुष्याचा काही भाग घेऊनच करतो. हे रोज मनात आणलं तर जगणं अवघड होईल आणि कधीच मनात आणलं नाही तर माणूसपण उरणार नाही. चांगला व्हॅम्पायरपट दोन तासांपुरता तो हिशेब आपल्यासमोर उघडतो आणि आपण तो आपणहून पाहायला जातो. कारखाने, रोग, युद्धं, प्रेमाच्या रीती बदलल्या, तरी एकाचं जगणं दुसऱ्यावर पोसलं जाणं काही थांबलेलं नाही. ते थांबत नाही तोवर हे चित्रपट निघत राहतील आणि निघायलाच हवेत.